नश्तराची अमानत

आजच्या स्पेनमधली, हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बाईच्या मानेवर गाठी आल्या होत्या. एका वैद्याने त्या कापायला घेतल्या. मानेतल्या रक्तवाहिन्या कुठून कशा जातात हे त्याला ठाऊक नव्हते. नस कापली गेली, रक्त थांबेना आणि ती बाई तिथेच गेली. दुसऱ्या एका वैद्याने एका वृद्धाच्या मूत्राशयातला खडा काढायला घेतला. खडा फार मोठा होता. तो निघाला, पण मूत्राशयाचा तुकडा सोबत घेऊन. म्हातारा तीनेक दिवसांत वारला. त्याच्यासाठी आधी आणखी एका शल्यचिकित्सकाला बोलावणे गेले होते. खड्याचा आकार आणि रोग्याची अवस्था पाहून हा माणूस वाचणार नाही हे त्यांनी ओळखले होते.

ते शल्यचिकित्सक म्हणजे अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल्-जहरावी. युरोपने पुढे त्यांना अल्बुकासिस म्हटले. आपल्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी हे मृत्यू नोंदवून ठेवले. स्वतःच्या यशाच्या कहाण्या आधी सांगण्याचा मोह त्यांनी टाळला. शिकणाऱ्या मुलाने पहिल्याच पानावर हे वाचावे, की न शिकलेल्या हातात हत्यार गेले तर काय होते, असा त्यांचा हेतू होता. रमजानच्या महिन्यात इस्लामी इतिहासातील थोरांची आठवण काढली जाते, तेव्हा खलिफा आणि सेनापती पटकन आठवतात. सुरी, कात्री आणि चिमटा यांना धर्माइतक्याच गांभीर्याने घेणाऱ्या या माणसाची आठवण त्या मानाने कमी निघते.

जहरावींचा जन्म इ.स. ९३६ च्या सुमाराचा. त्याच सुमारास खलिफा अब्दुर्रहमान तिसरा याने कोर्दोबाच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी मदीनत-अज्-जहरा ही नवी राजनगरी बांधायला घेतली. जहरावी हे नाव त्या नगरीवरून आले. त्यांच्या नावापुढे अन्सारी असेही लागते. म्हणजे हिजरतीनंतर पैगंबरांना आसरा देणाऱ्या मदीनेच्या अन्सार लोकांशी घराण्याचे नाते सांगितले जात होते. याहून जास्त घरगुती माहिती उरलेली नाही. आई-वडील, बायको-मुले, गुरू यांच्याविषयी इतिहास गप्प आहे. त्यांच्या मृत्यूनंतर काही दशकांनी हुमैदी या चरित्रकाराने लिहिलेल्या थोड्या ओळी आणि इब्न हज्म या विद्वानाने केलेला गौरव, एवढ्यावरच त्यांचे चरित्र उभे आहे. बाकीचे सगळे त्यांच्या ग्रंथातून वेचावे लागते.

ते ज्या कोर्दोबात वाढले ते शहर मिश्र वस्तीचे होते. मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी तिथे एकाच बाजारात वावरत. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने खलिफाला औषधी वनस्पतींवरचा एक ग्रीक ग्रंथ भेट पाठवला. कोर्दोबात तो वाचणारे कोणी नव्हते. मग ९५१ मध्ये निकोलस नावाचा ख्रिस्ती साधू तिकडून आला, आणि दरबारातला यहुदी वैद्य हसदाय इब्न शप्रूत व मुसलमान वैद्य यांनी त्याच्याबरोबर बसून त्या ग्रंथातल्या वनौषधी ओळखल्या. जहरावी तेव्हा पंधरा वर्षांच्या आसपासचे असतील. विद्या कोणाकडूनही घ्यावी, हे त्या शहरात कोणाला मुद्दाम सांगावे लागत नव्हते.

सुमारे पन्नास वर्षे वैद्यकी केल्यावर, इ.स. १००० च्या आसपास त्यांनी आपला ग्रंथ पुरा केला. त्याचे नाव किताब-अल्-तसरीफ. पूर्ण नावाचा आशय असा, की ज्याला अनेक ग्रंथ जमवून स्वतः जुळणी करणे शक्य नाही त्याच्यासाठी हे पुस्तक आहे. ग्रंथाचे तीस भाग आहेत. रोग, औषधे, लेप, आहार असे सगळे त्यात येते. तिसावा आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्याचे तीन विभाग आहेत: डागण्या देणे, कापणे-टाके घालणे आणि हाडे बसवणे. शस्त्रक्रिया शेवटी ठेवण्यामागे विचार आहे. आधी शरीर शिकावे, औषधे शिकावीत, आणि मगच हातात सुरी घ्यावी.

या भागात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे आहेत. प्रत्येक चित्राशेजारी ते कशाचे करायचे, किती लांब, किती जाड, टोक कसे, हे सांगितलेले आहे. ही पाने वैद्याला जितकी उपयोगी तितकीच लोहारालाही. पुण्यात तांबट आळीत भांडे घडवताना पत्र्याची जाडी आणि ठोक्याचा अंदाज ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच समजेल. हत्यार चांगले निघायचे तर ते घडवणारा आणि वापरणारा यांना एकमेकांची भाषा कळावी लागते.

हत्याराची निगा त्याच्या धातूपासून सुरू होते, हे जहरावींनी नीट ओळखले होते. त्या काळी डागण्यासाठी सोन्याची डागणी उत्तम मानली जाई. सोने मौल्यवान, शुद्ध, राजाच्या खजिन्यातले. जहरावींनी लोखंड पसंत केले. त्याची कारणे रोजच्या कामातली होती. सोने तापून लाल झाले की नाही हे त्याच्या रंगावरून धड कळत नाही. ते लवकर निवते. जास्त तापवावे तर वितळते. लोखंडाचे तसे नाही, ते किती तापले हे डोळ्यांना दिसते. श्रीमंत रोग्यापुढे सोन्याची डागणी मिरवणे सोपे होते. त्यांनी रोग्याच्या कातडीचा विचार केला.

पण तेच जहरावी हलणारे दात एकमेकांना बांधायला सोन्याची तार सुचवतात. चांदीची तार तोंडात काही दिवसांतच हिरवट पडते, सोन्याची आहे तशी राहते. लघवी तुंबली तर आत घालायची नळी चांदीची, पातळ, गुळगुळीत, पक्ष्याच्या पिसाच्या दांडीसारखी पोकळ. घसा तपासताना जीभ दाबायची पट्टी चांदीची किंवा तांब्याची. बाळंतपणातल्या एका उपकरणासाठी शिसवीसारखे कठीण लाकूड. दात उपटायच्या चिमट्यासाठी हिंदी लोखंड किंवा पोलाद. हिंदुस्थानातल्या लोखंडाची कीर्ती तेव्हा कोर्दोबापर्यंत पोचलेली होती. कुठला धातू रक्तात, लाळेत, लघवीत कसा वागतो, कुठला गंजतो, कुठला वाकतो, कुठला टिकतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे हाताळून ठरवले होते.

त्या काळी भूल नव्हती. ईथरची भूल येण्याला आणखी साडेआठशे वर्षे होती. रोगी शुद्धीवर असताना, दोघा-तिघांनी धरून ठेवलेला असताना शस्त्रक्रिया होई. अशा वेळी बोथट सुरी म्हणजे रोग्यासाठी जास्तीचा वेळ, जास्तीची ओढाताण, जास्तीची वेदना आणि जास्तीचे रक्त. धारेची काळजी ही दयेचीच बाब होती. ही दया जहरावींच्या एका हत्यारात स्पष्ट दिसते. गळू फोडण्यासाठी त्यांनी अशी सुरी सांगितली, जिचे पाते झाकलेले असते आणि जी बोटांच्या आड लपते. रोग्याला ती दिसत नाही, म्हणून तो घाबरत नाही. तिचेही मोठे, मधले आणि लहान असे तीन आकार त्यांनी दिले.

आकारांबाबत ते फार काटेकोर होते. दातांवरचे किटण खरवडायला त्यांनी चौदा वेगवेगळ्या खरवडण्या काढून दाखवल्या, कारण दाताची आतली बाजू, बाहेरची बाजू आणि दोन दातांमधली फट या तिन्हींना एकच खरवडणी चालत नाही. अडलेल्या बाळंतिणीसाठी लागणारी हत्यारे सांगताना त्यांचे म्हणणे असे होते की, वैद्यापाशी जितके प्रकार तयार असतील तितके काम लवकर होते. म्हणून कुठलेही हत्यार क्षुल्लक समजून करून ठेवायचे राहू नये, त्याची गरज पडतेच. रात्री-अपरात्री दार वाजल्यावर लोहाराकडे धावत जाता येत नाही. हत्यार आधीच घडवलेले, पारखलेले आणि हाताशी असले पाहिजे.

बायकांच्या आजारांत त्यांनी सुईणींनाही कामात घेतले. स्त्रीच्या मूत्राशयातला खडा काढायचा असेल तर जाणत्या सुईणीने वैद्याच्या सांगण्यानुसार कसे काम करावे, हे त्यांनी पायरीपायरीने लिहिले. लाजेपायी बाई उपचाराविना राहू नये, हा त्यामागचा विचार. शिष्यांना ते मुलांनो म्हणून संबोधतात आणि त्यांना वारंवार बजावतात की, लोभापायी जिवावरची शस्त्रक्रिया अंगावर घेऊ नका. शस्त्रक्रिया दोन तऱ्हेच्या असतात: एकीत बरे होण्याची खात्री, दुसरीत धोका. हा फरक ज्याला कळत नाही त्याने हत्याराला हात लावू नये.

पण जिथे आशा होती तिथे ते मागे हटले नाहीत. एका दासीने सुरीने स्वतःचा गळा कापून घेतला होता. जखमेतून श्वास बाहेर येत होता. पण मोठ्या रक्तवाहिन्या तुटलेल्या नाहीत हे जहरावींनी पाहिले, जखम शिवली आणि ती पोरगी बरी झाली. श्वासनळीची जखम भरून येऊ शकते, हे त्यांनी त्यावरून नोंदवले.

हे सगळे एकट्या कोर्दोबात उगवले, असा दावा जहरावींनी स्वतःही केला नसता. त्यांच्या ग्रंथाचा मोठा आधार पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याचा होता. आणि हत्यारांच्या निगेचा विचार भारतात त्याहूनही जुना होता. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत. शस्त्राचे आठ दोष दिले आहेत. वाकडे, बोथट, तुटके, खरबरीत धारेचे शस्त्र घेऊ नये. अपवाद एकच, हाड कापायच्या करवतीचा. लोखंडाला पाणी कसे द्यावे, क्षाराचे, साध्या पाण्याचे की तेलाचे, हेही सांगितले आहे. धार लावायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड आणि धार टिकवायला सावरीच्या लाकडाची फळी. धार कशी हवी, तर केस कापला जाईल अशी. हा ग्रंथ बगदादला बरमकी वजिरांच्या आश्रयाने, मंका नावाच्या भारतीय वैद्याच्या मदतीने अरबीत गेला, आणि अर-राझींसारख्या मोठ्या हकिमाने त्याचा आधार घेतला. विद्येची ही देवघेव अशी जुनी आहे.

१०१० च्या सुमारास अंदलुसमध्ये यादवी पेटली. मदीनत-अज्-जहरा लुटली गेली, महाल उद्ध्वस्त झाले. जहरावी तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. ज्या नगरीच्या नावाने ते ओळखले जात ती त्यांच्या हयातीतच ओसाड झाली. १०१३ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. मागे राहिला ग्रंथ आणि त्यातली चित्रे.

बाराव्या शतकात तोलेदो शहरात क्रेमोनाच्या जेरार्ड याने शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये नेला. चौदाव्या शतकातला फ्रेंच शल्यचिकित्सक गी द शोलियाक याने आपल्या ग्रंथात जहरावींचा हवाला वारंवार दिला. १४९७ मध्ये व्हेनिसला हा भाग छापून निघाला. त्याआधीच तुर्कस्तानातल्या अमास्या गावी सबुंजुओग्लू याने तो तुर्कीत आणून आणखी चित्रांनी सजवला होता. बाराव्या शतकात नकललेली तसरीफची एक अरबी प्रत आज आपल्या देशात, पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात आहे. तिच्यातही हत्यारांची चित्रे आहेत. नक्कल करणाऱ्यांच्या हातून चित्रे थोडीफार बदलत गेली, पण शेजारच्या मजकुरावरून हत्यार पुन्हा घडवता येत होते.

लिहून आणि काढून ठेवण्याचे मोल पुण्याइतके दुसऱ्या कुठल्या शहराला कळावे? १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेचा बैल हाकणारा कावसजी टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो कपाळावर सपाट ठेवून रेघ आखली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली, आणि जखमेवर काताच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर हे पाहत होते. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ही हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने अभ्यास केला आणि १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात आज ही पुण्याची गोष्ट येतेच.

कावसजीचे नाव राहिले, इंग्रज डॉक्टरांची नावे राहिली. ज्याने ते नाक घडवले त्या कारागिराचे नाव मात्र त्या हकिकतीत नाही. त्याचे पाते कसे होते, त्याला धार कशी लावी, काम झाल्यावर ते कशाने पुसून कुठे ठेवी, हेही नाही. ही विद्या बापाकडून मुलाकडे हातोहात गेली होती, आणि ज्या पिढीत तो हात थांबला तिथे ती संपली. जहरावींनी चित्रांवर इतकी मेहनत का घेतली, याचे उत्तर यात सापडते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जंतूंविषयी जहरावींना काही ठाऊक नव्हते, सुश्रुतांना नव्हते आणि त्या पुणेरी कारागिरालाही नव्हते. गुळगुळीत, न गंजणारे, धारदार हत्यार त्यांना कळत होते. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पात्यावरही मृत्यू बसलेला असू शकतो हे कळत नव्हते. ते कळायला १८६७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जोसेफ लिस्टर यांनी जखम आणि हत्यारे कार्बोलिक आम्लाने धुण्याचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. योगायोग असा, की पुण्यात ससून रुग्णालय सुरू झाले तेही १८६७ मध्येच. त्यासाठी देणगी देणारे डेव्हिड ससून हे बगदादमध्ये जन्मलेले यहुदी, ज्या बगदादमध्ये कधीकाळी सुश्रुत अरबी बोलू लागले होते. ससून यांचे पुण्यातच निधन झाले आणि लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे.

लिस्टरनंतर काही वर्षांतच वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत आली. मग हत्यारांचे रूपही बदलले. हस्तिदंत आणि लाकडाच्या देखण्या मुठी उकळत्या पाण्यात आणि वाफेत टिकेनात. त्या गेल्या आणि अख्खी धातूची, सांधे उघडून धुता येतील अशी हत्यारे आली. हत्यार कसे दिसते यापेक्षा ते कसे साफ होते याला महत्त्व आले. सोन्याऐवजी लोखंडाची डागणी निवडणाऱ्या जहरावींना हा बदल चटकन पटला असता.

आज पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाच्या मागे एक विभाग असतो, जिथे रोग्याचे नातेवाईक कधी जात नाहीत. वापरलेली हत्यारे तिथे येतात. त्यांच्यावर रक्त वाळू द्यायचे नसते, कारण वाळलेल्या रक्ताखाली जंतू लपतात आणि पोलादाला खड्डे पडतात. मिठाच्या पाण्यात ती भिजत ठेवायची नसतात. स्टेनलेस पोलादही निष्काळजीपणापुढे गंजते. कात्री आणि चिमट्याचे सांधे उघडून आतून घासायचे, स्वच्छ पाण्याने धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे. चिमट्याची टोके एकमेकांवर बरोबर बसतात का, कात्री टोकापर्यंत कापते का, हे पाहायचे. सांध्याला वाफ आत जाऊ देईल असेच वंगण लावायचे. मग गुंडाळून, १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसच्या दाबाखालच्या वाफेत ठरलेला वेळ ठेवायचे. गाठोड्यावरच्या पट्टीच्या रेघा काळ्या पडल्याशिवाय ते शस्त्रक्रियागृहात जाऊ द्यायचे नाही. आधी घासणे नीट झाले नसेल तर वाफही काम करत नाही, कारण घाणीच्या थराखाली ती पोचत नाही.

नमाजच्या आधी वजू करणाऱ्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. बोटांच्या बेचक्यांत पाणी पोचले पाहिजे, नखावर थर राहता कामा नये, घाईत एखादा भाग कोरडा राहिला तर वजू होत नाही. इस्लाममध्ये शरीर ही अल्लाहची अमानत मानली जाते, म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव. टेबलावर झोपलेला रोगी आपली ठेव काही तासांसाठी अनोळखी माणसांच्या हाती सोपवतो. शल्यचिकित्सकाचे नाव त्याला माहीत असते. हत्यारे धुणाऱ्याचे नाव त्याला कधीच कळत नाही.

रमजानच्या संध्याकाळी त्या विभागातही मगरिबची वेळ होते. कोणी तरी हातमोजे काढते, साबणाने हात धुते, खजुराने रोजा सोडते. शेजारी काम करणारा, रोजा नसलेला सहकारी तोवर त्याच्या वाटणीची हत्यारे मोजून घेतो. दहा-पंधरा मिनिटांनी दोघे पुन्हा एकेक चिमटा दिव्यासमोर धरून पाहतात. एखाद्याच्या सांध्यात बारीक डाग दिसला तर तो बाजूला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून धुतला जातो.